तीन पदरांचा गोफ

1955 सालच्या नोव्हेंबरात लंडनच्या ‘नेचर’ साप्ताहिकात कोलॅजेन नावाच्या प्रथिनावर एक छोटा लेख आला. लेखक होते केंब्रिजमधले अलेक्झांडर रिच आणि फ्रान्सिस क्रिक. डीएनएचा दुहेरी पीळ मांडून क्रिक यांना तेव्हा जेमतेम अडीच वर्षं झाली होती. दोनच महिन्यांपूर्वी याच साप्ताहिकात मद्रासच्या जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्ता यांनी कोलॅजेनची रचना मांडली होती. तीन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घालून गोफासारख्या गुंफलेल्या आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. रिच आणि क्रिक यांनी या कल्पनेला महत्त्वाचं योगदान म्हटलं, ती मुळात बरोबर आहे असंही मान्य केलं, पण प्रत्यक्ष मांडणी चुकली आहे असा निकाल दिला. त्यांचा मुख्य आक्षेप अंतरांवर होता. मद्रासच्या रचनेत काही अणू एकमेकांच्या फार जवळ आले आहेत, निसर्गात अणू इतके जवळ येत नाहीत, असं ते म्हणत होते.

भांडण एका अँगस्ट्रॉमच्या काही दशांशांचं होतं. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. त्याच्याही तुकड्यावरून निघालेल्या या वादातून आठ वर्षांनी असं काही हाती आलं, की आज जगात कुठेही प्रथिनाची रचना उलगडली की ती आधी त्या कसोटीवर घासून पाहिली जाते. ही कसोटी मद्रासमध्ये घडली आणि टीकेला उत्तर देता देता घडली. मला या कथेतला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

रामचंद्रन मूळचे एर्नाकुलमचे, जन्म 1922 चा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ते विद्युत अभियांत्रिकी शिकायला गेले आणि सी. व्ही. रामन यांनी त्यांना पदार्थविज्ञानाकडे ओढून घेतलं. पुढे दोन वर्षं केंब्रिज, मग परत बंगळूर. 1952 मध्ये मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांना पदार्थविज्ञान विभागासाठी प्रमुख हवा होता. त्यांनी रामन यांना विचारलं. रामन स्वतः गेले नाहीत, त्यांनी आपल्या शिष्याचं नाव सुचवलं. तिशीच्या उंबरठ्यावरचा हा माणूस गिंडीच्या आवारात प्राध्यापक आणि विभागप्रमुख म्हणून रुजू झाला.

त्याच वर्षी ब्रिटिश स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले. बोलता बोलता त्यांनी सांगितलं, की कोलॅजेनची रचना अजून कुणालाच नीट लागलेली नाही. खरं तर लायनस पॉलिंग आणि रॉबर्ट कोरी यांनी 1951 मध्ये एक रचना सुचवली होती. त्याच वर्षी त्यांनी प्रथिनांतला अल्फा पीळ मांडला आणि तो टिकला, पण कोलॅजेनची रचना टिकली नव्हती. रामचंद्रन यांना विषय मिळाला, आणि सोयही अशी की केंद्रीय चर्म संशोधन संस्था त्यांच्या आवाराला लागूनच होती. कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजेनच. हाडं, कूर्चा, कंडरा, त्वचा हे सगळं याच प्रथिनाच्या दोऱ्यांनी बांधलेलं असतं. माणसाच्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा एकट्या कोलॅजेनचा. मद्रासमध्ये ज्या नमुन्यांवरून क्ष-किरणचित्रं घेतली गेली, त्यांत कांगारूच्या शेपटीतली कंडराही होती. तिच्यातले तंतू सरळ आणि एका दिशेने लागलेले असतात, त्यामुळे चित्र स्वच्छ येतं.

प्रथिन ही अमिनो आम्लांची साखळी. साखळीतला प्रत्येक मणी एका अमिनो आम्लाचा, आणि मण्यामण्याला एक बाजूशाखा फुटलेली. कुठे ती मोठी, कुठे लहान. ग्लायसिनला मात्र शाखा म्हणावी अशी नाहीच, तिथे नुसता हायड्रोजनचा एक अणू असतो. कोलॅजेनच्या रासायनिक विश्लेषणात एक गोष्ट सतत दिसत होती: त्यातला जवळपास तिसरा हिस्सा ग्लायसिनचा आहे. उरलेल्यात प्रोलिन आणि हायड्रॉक्सिप्रोलिन यांचा भरणा. रामचंद्रन आणि कार्ता यांनी या ‘तिसऱ्या हिश्शा’चा अर्थ शब्दशः घेतला. दर तिसरा मणी ग्लायसिनचाच असणार. तसं असेल तर का? याचं उत्तर त्यांना रचनेत सापडलं. तीन साखळ्या शेजारीशेजारी उभ्या केल्या, की मधोमध जी पोकळी उरते ती इतकी अरुंद असते, की तिथे हायड्रोजनच्या एका अणूशिवाय दुसरं काही मावत नाही. म्हणून आत वळलेली जागा प्रत्येक वेळी ग्लायसिनची. बाकीच्या दोन मण्यांच्या शाखा बाहेरच्या अंगाला मोकळ्या.

1954 च्या ऑगस्टमध्ये ‘नेचर’मध्ये त्यांची पहिली मांडणी आली. त्यात तीन साखळ्या एकमेकींना समांतर होत्या, गुंफलेल्या नव्हत्या. क्ष-किरणचित्रांतली मापं पुन्हा तपासली तेव्हा दिसलं, की साखळीचा पीळ तीन मण्यांत पुरा होत नाही, तीन मणी आणि वर तिसरा हिस्सा असा होतो. म्हणजे दर तिसरा मणी थोडा थोडा सरकत जाणार, आणि काही वेढ्यांनंतर ग्लायसिन मध्यभागाकडे पाठ करून बसणार. मग मधल्या पोकळीचं काय? यावर तोड अशी निघाली, की साखळ्यांनी स्वतःभोवतीच्या पिळाबरोबर एकमेकींभोवतीही वळायचं. चंद्र पृथ्वीभोवती फिरताना स्वतःभोवतीही तेवढाच फिरतो आणि त्यामुळे आपल्याला कायम त्याची एकच बाजू दिसते, तसंच ग्लायसिनचं तोंड कायम आत राहतं. प्रत्येक साखळीचा स्वतःचा पीळ डावा, तिघींचा मिळून उजवा. दोर वळणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पेडाचा पीळ एका बाजूला आणि दोराचा दुसऱ्या बाजूला दिला, तरच दोर उसवत नाही. शिमग्यात गोफ विणणारे पदर जसे आत-बाहेर होत एकमेकांना धरून ठेवतात, तशी ही तीन साखळ्यांची गुंफण. 1955 च्या सप्टेंबरात ती छापली गेली.

साखळ्या एकमेकींना धरून ठेवतात त्या हायड्रोजन बंधांनी. मद्रासच्या रचनेत दर तीन मण्यांमागे असे दोन बंध होते. रिच आणि क्रिक यांनी सुचवलेल्या रचनेत एकच. दोन बंध साधायचे तर साखळ्या जरा जास्त जवळ आणाव्या लागतात, आणि जवळ आणल्या की काही अणू एकमेकांच्या अंगावर जातात. आक्षेप नेमका इथे होता.

आता ‘फार जवळ’ म्हणजे किती, हे ठरवणार कोण? पंगतीत मांडीला मांडी लावून बसता येतं, मांडीवर मांडी टाकून बसता येत नाही. अणूंचंही तसंच आहे. एकमेकांशी रासायनिक बंध नसलेले दोन अणू एका मर्यादेपर्यंत सुखाने शेजारी राहतात, त्याच्या आत त्यांचे इलेक्ट्रॉन एकमेकांना जोराने ढकलू लागतात. ही मर्यादा त्या काळी पाठ्यपुस्तकांतून घेतली जाई. प्रत्येक अणूला एक त्रिज्या नेमून दिलेली, दोन त्रिज्यांची बेरीज म्हणजे किमान अंतर. हायड्रोजनची त्रिज्या 1.2 अँगस्ट्रॉम, तेव्हा दोन हायड्रोजन 2.4 च्या आत येऊ नयेत, असा नियम.

रामचंद्रन यांनी या नियमाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. पुस्तकातली त्रिज्या ही सरासरीची सोय आहे, निसर्ग प्रत्यक्षात काय करतो ते स्फटिकांत दिसतं. मग स्फटिकांनाच का विचारू नये? तोवर अमिनो आम्लांच्या, लहान पेप्टाइडांच्या आणि तशाच इतर संयुगांच्या कितीतरी रचना क्ष-किरणांनी उलगडल्या गेल्या होत्या. त्यांच्या गटातल्या व्ही. शशिशेखरन यांनी त्या छापील रचना एकेक करून चाळल्या आणि बंध नसलेले अणू प्रत्यक्षात किती जवळ येतात याची नोंद ठेवली. कार्बन-कार्बन, कार्बन-ऑक्सिजन, नायट्रोजन-ऑक्सिजन, हायड्रोजन-हायड्रोजन, अशी प्रत्येक जोडीची. कष्टाचं, चिवटपणाचं काम.

त्यातून प्रत्येक जोडीसाठी दोन मर्यादा निघाल्या. एक नेहमीची, जिच्यापर्यंत अणू सहज येतात. दुसरी टोकाची, जिच्यापर्यंत ते क्वचित, नाइलाजाने येतात. कार्बन-कार्बनसाठी 3.2 आणि 3.0 अँगस्ट्रॉम. कार्बन-ऑक्सिजनसाठी 2.8 आणि 2.7. दोन हायड्रोजनसाठी 2.0 आणि 1.9, म्हणजे पुस्तकी 2.4 पेक्षा बरंच कमी. पाठ्यपुस्तकं अणूंना जितकं अलग ठेवत होती, तितके ते अलग राहत नव्हते.

इथे दुसरा कुणी असता तर ही यादी हाती येताच आपल्या कोलॅजेनचा खटला पुन्हा उभा करून थांबला असता. रामचंद्रन यांच्या हातात या यादीने वेगळीच किल्ली दिली होती. अणू किती जवळ येऊ शकतात हे एकदा कळलं, तर फक्त कोलॅजेन कशाला, कुठल्याही प्रथिनाची साखळी कशी वाकू शकते आणि कशी वाकू शकत नाही हे नुसत्या अंतरांवरून सांगता यायला हवं.

साखळीला वळायला जागा किती असते? पॉलिंग यांनी आधीच दाखवलं होतं, की दोन अमिनो आम्लांना जोडणारा पेप्टाइड बंध सपाट असतो, ताठ पट्टीसारखा. तो वळत नाही. म्हणजे साखळी ही ताठ पट्ट्यांची माळ, आणि दोन पट्ट्यांमध्ये कार्बनचा एक अणू बिजागरीसारखा. या बिजागरीवर दोन फिरण्या असतात, एक अलीकडच्या पट्टीची आणि एक पलीकडच्या पट्टीची. आज जग त्यांच्या कोनांना फाय आणि साय म्हणतं. पूर्ण साखळीची घडी ही शेवटी प्रत्येक मण्यापाशी हे दोन कोन किती आहेत, एवढ्यावर ठरते.

मग काम सुरू झालं ते सी. रामकृष्णन यांच्या हातून. दोन पट्ट्या आणि मधला कार्बन घ्यायचा. दोन्ही कोनांना एकेक किंमत द्यायची. त्या ठेवणीत प्रत्येक अणू कुठे येतो याचं गणित मांडायचं. मग बंध नसलेल्या प्रत्येक जोडीचं अंतर काढायचं आणि यादीशी ताडून पाहायचं. एकही जोडी टोकाच्या मर्यादेच्या आत गेली, की ती ठेवण बाद. मग कोन थोडा बदलायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक कोन दहा-दहा अंशांनी फिरवायचा म्हटलं तरी कोनांच्या 1296 जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीत कितीतरी अंतरं. त्या विभागात हा हिशेब टेबलावरच्या गणनयंत्रावर झाला. संगणकाच्या एका कळीत आज जे होतं, त्यासाठी एक तरुण संशोधक दिवसचे दिवस बसला होता. रामकृष्णन यांच्या त्या बैठकीची आठवण ठेवायला हवी. या हिशेबातून तयार झालेल्या आलेखाच्या ‘रामचंद्रन आलेख’ या नावात त्यांचं आणि शशिशेखरन यांचं नाव बुडून जातं, पण मूळ लेखावर तिघांचीही नावं आहेत.

आकडे एका चौकोनावर मांडले. आडव्या अक्षावर एक कोन, उभ्यावर दुसरा. जिथे अणू सुखाने मावतात ती जागा रेखून घेतली. बहुतेक चौकोन रिकामाच राहिला. ग्लायसिन सोडून इतर अमिनो आम्लांसाठी, टोकाच्या मर्यादा धरल्या तरीही, तीन चतुर्थांशांहून जास्त भाग बंद होता. उघड्या राहिल्या त्या थोड्याच जागा, समुद्रातल्या बेटांसारख्या. एका बेटावर पॉलिंग यांचा अल्फा पीळ बसत होता. दुसऱ्या मोठ्या बेटावर रेशमातल्यासारख्या ताणलेल्या साखळ्या आणि कोलॅजेनही. उजवीकडच्या एका लहानशा बेटावर डाव्या वळणाचा पीळ. हायड्रोजन बंध, विद्युतभार, ऊर्जेची गुंतागुंतीची समीकरणं यांपैकी काहीही हिशेबात धरलं नव्हतं. अणूंनी एकमेकांच्या अंगावर जायचं नाही, एवढी एकच अट, आणि तेवढ्या अटीतून प्रथिनांच्या ओळखीच्या सगळ्या घड्या आपोआप बाहेर आल्या. ग्लायसिनचा नकाशा मात्र वेगळा निघाला, खूप मोकळा, कारण ज्याला शाखाच नाही त्याला आड कोण येणार?

हा आलेख मांडणारा लेख 1963 मध्ये ‘जर्नल ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी’च्या सातव्या खंडात छापला गेला. पानं पाच. त्याच वर्षी जानेवारीत मद्रासमध्ये प्रथिनांच्या रचनेवर आंतरराष्ट्रीय परिसंवादही भरला. काळ मोठा भाग्याचा होता. जॉन केंड्र्यू यांनी मायोग्लोबिनची आणि मॅक्स पेरुट्झ यांनी हिमोग्लोबिनची रचना नुकतीच उलगडली होती आणि 1962 चं रसायनशास्त्राचं नोबेल दोघांना मिळालं होतं. प्रथिनांच्या अणूअणूची जागा सांगणाऱ्या रचना इथून पुढे येऊ लागणार होत्या, आणि त्या बरोबर आहेत की नाहीत हे पाहायला चौकट आधीच तयार होती. रचनेत एखादा मणी आलेखाच्या बंद भागात पडला, तर दोनच शक्यता: एक तर तिथे खरंच काही विलक्षण आहे, नाहीतर रचना काढणाऱ्याचा हात चुकला आहे. बहुतेक वेळा दुसरीच खरी ठरते.

ही रीत पुढे कशी फाकत गेली ते थोडक्यात सांगतो. मद्रासमध्येच सी. एम. वेंकटाचलम यांनी 1968 मध्ये तीन पट्ट्यांची साखळी घेतली आणि विचारलं, की पहिला आणि चौथा मणी एकमेकांना भेटावेत म्हणून साखळीला कसं वळावं लागेल? त्यांना मिळालेली वळणं नंतर प्रत्यक्ष प्रथिनांत जागोजागी सापडली. साखळी जिथे माघारी फिरते, तिथे बहुधा तीच असतात. 1970 मध्ये इंग्लंडच्या डेव्हिड फिलिप्स यांनी 129 मण्यांच्या लायसोझाइमसाठी एक तक्ता काढला: आडवे मणी, उभे मणी, आणि जे दोन मणी घडीत एकमेकांजवळ येतात त्यांच्या छेदावर खूण. साखळीत दूर असलेले कोणते मणी घडीत शेजारी होतात, हे त्या तक्त्यावर एका नजरेत दिसतं. संपर्काची व्याख्या कामागणिक बदलत गेली. कुणी दोन मण्यांच्या ठरावीक कार्बनांमध्ये 8 अँगस्ट्रॉमच्या आत अंतर असेल तर संपर्क धरतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जेन आणि डेव्हिड रिचर्डसन यांच्या गटाने हायड्रोजनसकट प्रत्येक अणू मोजून, 0.4 अँगस्ट्रॉम किंवा त्याहून जास्त अंगावर गेलेल्या जोड्यांना ‘टक्कर’ ठरवलं. 2024 चं अर्धं रसायनशास्त्राचं नोबेल प्रथिनाची घडी वर्तवणाऱ्या ज्या अल्फाफोल्ड प्रणालीसाठी मिळालं, त्याच्या 2018 च्या पहिल्या रूपात मण्यामण्यांतल्या अंतरांचा असाच तक्ता आधी वर्तवला जात असे. पण प्रश्न तोच, जो शशिशेखरन जुन्या स्फटिकांना विचारत होते: कोण कुणाच्या किती जवळ आहे?

आणि मूळ भांडणाचं काय झालं? कोलॅजेनच्या बाबतीत रिच आणि क्रिक यांचा एक बंधच खरा ठरला. थेट, सरळ हायड्रोजन बंध दर तीन मण्यांमागे एकच आहे. गोफ मद्रासचा, बंधांचा हिशेब केंब्रिजचा, असा तो निवाडा. रामचंद्रन यांनी दुसऱ्या बंधाची जागा मात्र सोडली नाही. 1968 मध्ये त्यांनी आणि आर. चंद्रशेखरन यांनी सुचवलं, की दुसरा बंध थेट नसला तरी मध्ये पाण्याचा रेणू घेऊन होऊ शकतो. एका साखळीचा हात पाण्याला, पाण्याचा हात दुसऱ्या साखळीला. शिवाय कार्बनला लागलेला हायड्रोजनही दुर्बळ बंध करतो, हा विचार त्यांच्या गटाने साठच्या दशकातच मांडला होता. त्या काळी अनेकांना तो पटण्याजोगा वाटत नव्हता.

उत्तर यायला 1994 उजाडलं. रामचंद्रन 1970 नंतर बंगळूरला जाऊन रेण्वीय जीवभौतिकीचा विभाग उभारून, तिथून निवृत्तही झालेले होते. अमेरिकेत जॉर्डी बेला, मार्क ईटन, बार्बरा ब्रॉडस्की आणि हेलन बर्मन यांनी कोलॅजेनसारखी एक लहान साखळी बनवली, तीस मण्यांची. तिचा स्फटिक केला आणि 1.9 अँगस्ट्रॉमच्या बारकाईने तिची रचना पाहिली. तीन साखळ्या, गुंफलेल्या. थेट बंध एक. आणि गोफाभोवती सगळीकडे पाण्याचे रेणू, साखळ्यांना एकमेकींशी जोडणारे. दोन वर्षांनी बेला आणि बर्मन यांनी त्याच स्फटिकांतून कार्बनच्या हायड्रोजनचे ते दुर्बळ बंधही दाखवून दिले.

त्या साखळीत एक बदल मुद्दाम केलेला होता. मधल्या भागात एका ग्लायसिनच्या जागी अ‍ॅलॅनिन बसवलं होतं. फरक केवढा? जिथे एक हायड्रोजन होता तिथे कार्बन आणि तीन हायड्रोजन. ठिसूळ हाडांचा एक जन्मजात आजार आहे, ज्यात तान्ह्या मुलांची हाडं साध्या हाताळणीनेही मोडतात. त्यातल्या कितीतरी रुग्णांत कोलॅजेनमधल्या हजारभर मण्यांपैकी एकाच ग्लायसिनची जागा दुसऱ्या अमिनो आम्लाने घेतलेली असते. स्फटिकात त्या जागी काय होतं ते दिसलं. आत मावत नसलेल्या शाखेने तीन साखळ्यांना बाजूला सारलं होतं, तेवढ्या भागात गोफाचा पीळ सैल पडला होता, साखळ्यांमधला थेट बंध सुटला होता, आणि सुटलेल्या जागेत पाण्याचे रेणू शिरून, तिन्ही पदरांना हात देऊन बसले होते.